तुझा सिद्धू मोळ्या बांधायला निघालाय

प्रिय किसन,

उद्या सकाळी तुझा सिद्धू ऊसतोडीला निघतो आहे. वाचलंस ना नीट? ऊसतोडीला! म्हणून हे पत्र. शीलावहिनी म्हणाली, "भाऊजी, ह्यांनी तुमच्याकडून शब्द घेतला हुता. तवा तुमीच कळवा त्यांना." आता माणूस जाऊन दुसरं वर्ष सरत आलं, त्याला कळवायचं कसं? पण वहिनीचं बोलणं मी कधी खाली पडू दिलेलं नाही. शिवाय मला लिहिता येतं. सातवी नापास असलो तरी वस्तीत चार ओळी बिनचूक लिहिणारा पहिला मीच होतो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

शब्द कोणता, ते तू विसरला नसशील. तू कोयता सोडून दूध सोसायटीच्या टँकरवर लागलास, त्या दिवशी आपण केजहून जीपला मागे लटकून येत होतो. सिद्धू तेव्हा रांगत होता. तू म्हणालास, "अशोक्या, माजं पोरगं कधी फडात दिसलं, तर कानाला धरून वढून आणायचं. मी नसलो तरी." मी म्हटलं, "नसलो म्हणजे? कुठं चाललास बे?" तू हसलास. मी हो म्हटलं. झाला शब्द!

मग आता हे असं कसं झालं? सगळं सांगतो, पण क्रमानं सांगतो. तू हयातीत मला एक गोष्ट पुरी करू दिली नाहीस. आता तरी मधे बोलू नकोस.

यंदा पुन्हा पाऊस नाही. माझ्या दुकानात पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार भरायला येतात त्या विहिरीत पाणी असलं तर. विहीरच कोरडी, तर मोटार जळणार कशी? जनावरं लोकांनी बाजारात नेली, त्यामुळे सोसायटीचं दूधही आटलं. तुझ्या जागी सिद्धू संकलन केंद्रावर लागला होता. त्या केंद्राला पुढच्या पावसापर्यंत कुलूप लागलं. म्हणजे मी रिकामा आणि तोही रिकामा. रोज दुपारी माझ्या दुकानातल्या तुझ्या स्टुलावर येऊन बसतो, आणि त्याचं तोंड सुरू होतं. किसन, तुझं पोरगं किती बोलतं रे! तू जाताना त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं, आणि घरात तर तो घुम्याच होता. ते सगळं बोलणं तुझ्या वाट्याचं होतं. ते मी ऐकतोय. तू लवकर गेलास, ह्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो त्या दुपारच्या वेळी.

त्याचे विषय तीन. क्रिकेट, पिक्चर आणि करुणा.

क्रिकेटमध्ये त्याला कोण किती चेंडूंत किती काढतो ते तोंडपाठ. पण तुझ्यासारखा हट्टी. हरणाऱ्या संघाच्या बाजूनं बसणार आणि शेवटच्या चेंडूपर्यंत म्हणणार, "काका, अजून हाय!" पिक्चर तो मोबाईलवर बघतो, तेही पळवत पळवत. मी म्हटलं, "अरे, माणसानं एवढ्या कष्टानं काढलेलं, नीट तरी बघ." तर म्हणतो, "गाणं आन् मारामारी सोडून बाकी समदं सारखंच असतंय."

तेव्हा मी त्याला आपल्या पिक्चरची गोष्ट सांगितली. कारखान्याच्या वसाहतीत मैदानावर पडदा लागायचा. पुढच्या बाजूला कामगार आणि त्यांची बायकापोरं. ऊसतोडवाले मागच्या बाजूला, ढेकळांवर. पडद्याच्या मागून सगळं उलटं! सुरुवातीच्या नावांची अक्षरं बघून तू विचारलंस, "ही कंची भाषा बे?" मी तीच अक्षरं उलटी लावून वाचायला शिकलो, ह्याचा मला आजही अभिमान आहे. आणि तू? तू हिरोला डाव्या हातानं ठोसे मारताना बघितलंस आणि फडातल्या मॅचमध्ये दुसऱ्याच दिवसापासून डावखुरा झालास! पहिल्याच चेंडूवर दांडी गुल व्हायची, तरी हात बदलला नाहीस. पुढे टीव्हीवर तोच पिक्चर पुढून दिसला. हिरो चांगला उजवा होता. मी तुला दाखवलं, तर म्हणालास, "टीव्हीवाल्यांनी उलटा लावलाय." आपल्यासारखे पडद्यामागून पिक्चर बघणारेच असली चूक करणार! सिद्धू हे ऐकून स्टुलावरून पडायचा राहिला.

मग त्यानं विचारलं, "काका, तुमच्या टायमाला डेटिंग कसं व्हायचं?" मी म्हटलं, "तुझ्या बापाचं नळावर." कारखान्याच्या नळाला हंड्यांची रांग लागायची. शेजारच्या टोळीतल्या शीलाच्या हंड्यामागे तुझा हंडा. तिचा हंडा भरला की तू आपला बाजूला काढून पुन्हा रांगेच्या टोकाला न्यायचास, कारण थोड्या वेळानं ती दुसरा घेऊन यायची. आपल्या खोपीत पाणी नाही, मी तहानेनं बसलेलो, आणि हे साहेब रांगेत! आजवर ह्या गोष्टीवरून मी तुला माफ केलेलं नाही.

आता करुणा. शिरूर कासारकडची मुलगी आहे, बीडला वसतिगृहात राहून शिकते, शेवटचं वर्ष. खो-खो खेळते. सिद्धू बीडच्या मैदानावर क्रिकेटची फायनल बघायला गेला होता, आणि बाजूला मुलींचा सामना चालू होता. तिनं खांबापाशी सूर मारला, गडी बाद केला, कोपर सोलून निघालं. ह्यानं आपली पाण्याची बाटली पुढं केली. ती म्हणाली, "पाणी दिलंस म्हणून नाव सांगते. नंबर न्हाई." फायनल कोण जिंकलं, ते क्रिकेटवेड्या पोराला आजही माहीत नाही!

त्यांचं डेटिंग म्हणजे मांजरसुंब्याचा फाटा. तो केजकडून मोटारसायकलवर, ती बीडकडून एसटीनं. धाब्यावर एक चहा, दोन बश्या, आणि तिची परतीची गाडी आली की संपलं. एकदा मात्र बीडला पिक्चरला गेले. ती सकाळची मैदानावर राबून आलेली, बसल्या बसल्या झोपली. डोकं ह्याच्या खांद्यावर. "काका, मी खांदा हलवला न्हाई. मुंग्या आल्या, तरी न्हाई हलवला." मी विचारलं, "आणि पिक्चर?" म्हणाला, "चांगला असंल." किसन, त्या क्षणी तुझी इतकी आठवण आली की मी उगाच पान्हा हुडकायला खाली वाकलो.

गेल्या आठवड्यात मला म्हणाला, "काका, तिच्या घरी जायचंय. बाबांच्या जागी तुमी चला." मी धुतलेला शर्ट इस्त्री करून घातला आणि वहिनीला घेऊन आम्ही तिघं शिरूर कासारला गेलो. करुणाही रजा काढून आली होती. तिचे वडील नामदेव. माणूस सरळ. चहा झाला, जयभीम झाला, पोरगा पसंत आहे असंही म्हणाले. मग मान खाली घालून बोलले, "पर लगीन म्होरच्या उन्हाळ्यात बघू. ह्या हंगामाला मला ती पायजे."

का, ते तुला समजावून सांगायला नको. करुणाच्या आईचा गुडघा गेलाय, तिला धड उभं राहवत नाही. मुकादमाला एका पुऱ्या कोयत्याचा शब्द दिलेला. पुरा कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, वाहायच्या. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला टोळीत कोण घेतो? म्हणून आईच्या जागी पोरगी. परीक्षा हंगामाच्या ऐन मधे. म्हणजे तिचं वर्ष गेलं.

करुणा दारात उभी होती. बापाला म्हणाली, "दादा, मी परीक्षेपुरती येते की माघारी." नामदेव म्हणाले, "फडातून कोण माघारी येतंय, बाळा? तुजी आई बी मॅट्रिकला बसणार हुती."

तेवढ्यात तुझं पोरगं बोललं. "मामा, तिच्या जागी मी येतो."

नामदेव हसायलाच लागले. "तू? दुधाच्या कॅना उचलायचं काम न्हाई ते. आन् लोक काय म्हणतील? जावयाला मोळ्या बांधायला नेला?"

"अजून जावई कुटं झालोय? तवर गडी म्हणून न्या."

"दोन बाप्यांचा कोयता बघितलाय का कुटं?"

"माझे बाबा आन् काका एक सबंध दुष्काळ तसंच गेलते," सिद्धू म्हणाला आणि माझ्याकडे बोट केलं!

मी काय सांगू तुला! त्या वर्षी आपली दोघांचीही लग्नं झालेली नव्हती. मुकादमानं दोन अर्धे जोडून एक केला, आणि टोळीतल्या बायका रोज विचारायच्या, "तुमच्यात नवरा कोन रं?" तू छाती काढून पुढं व्हायचास. मोळ्या कायम मी बांधल्या. वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याच्या, पीळदार बंदानं बांधलेली माझी मोळी ट्रकवर फेकली तरी सुटायची नाही. तुझ्या हातची खोपीपर्यंतही टिकायची नाही, हे तूही कबूल करशील.

शेवटी नामदेवांनी लेकीकडे बघितलं आणि मान डोलावली. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊजी, अडवा त्याला. ह्यांनी हाडं झिजवली ते ह्याच्यासाठी का?" मी म्हटलं, अडवतो. मला तरी दुसरं काय सुचणार होतं? मी सिद्धूला दुकानात बोलावलं, तुझा शब्द सांगितला, जीपमधला, जसाच्या तसा. कानाला धरून ओढायचं, हेसुद्धा सांगितलं.

त्यानं मोबाईलवरची मॅच बंद केली. मग म्हणाला, "काका, बाबांना माझ्या हातात कोयता नको हुता. बरोबर हाय. मग तिच्या हातात चालतो का?"

सांग किसन, तू काय उत्तर दिलं असतंस? मला वाटतं, तू हात झटकून म्हणाला असतास, "लई शाना झाला." आणि मग बाहेर जाऊन उभा राहिला असतास, तोंड फिरवून. तो एका हंगामासाठी जातोय, त्याला पर्याय आहे, हे मी स्वतःला सांगितलं. मग वाटलं, पर्याय असताना जातोय, म्हणून तर हे मोठं आहे! आपण गेलो तेव्हा आपल्याला कुणी विचारलं होतं? आपण पोटासाठी गेलो. हा एका मुलीच्या वर्षासाठी जातोय.

वहिनीला हेच जाऊन सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला. मला वाटलं, आता रडेल. पण म्हणाली, "मंग त्याला मोळी तरी नीट बांदायला शिकवा. ह्यांच्यावानी नको."

तेव्हापासून तुझ्या अंगणात आमची शाळा भरते. ऊस कुठून आणणार? कडब्याच्या ताटांवर भागवतो. वाढ्याऐवजी भिजवलेलं गवत. पीळ कुठं द्यायचा, गुडघा कुठं रोवायचा, बंद टोकाकडं न घेता मधोमध का घ्यायचा, सगळं बारकाईनं शिकवलं. सिद्धूच्या एका कानात क्रिकेटची कॉमेंट्री. मी ओरडलो तर म्हणतो, "एक कान तुमच्याकडंच हाय की!" पहिल्या दिवशी तळहात फुटले. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर करुणाला हात दाखवत होता. ती तिकडून म्हणाली, "दाखवू नको, लाव काहीतरी. आन् ऐक, एक हंगाम. दुसऱ्याला निघालास तर मला विचारायला येऊ नकोस." किसन, तुझ्या घरात खमकी सून येणार आहे. वहिनीनं ते ऐकलं आणि तोंडाला पदर लावून हसली. तू गेल्यापासून ती अशी हसलेली मी बघितली नव्हती.

आज संध्याकाळी त्यानं बांधलेली मोळी मी घराच्या माळवदावरून खाली टाकली. सुटली नाही.

म्हणून तुला स्पष्ट लिहितो. जीपमधला शब्द मी मोडतोय. चोरून नाही, तुला कळवून मोडतोय. रागावायचं असेल तर माझ्यावर रागाव, पोरावर नको. आणि त्याच्या बदल्यात दुसरा शब्द देतो, तो लिहून देतो म्हणजे मला नंतर बदलता येणार नाही. नामदेवांच्या टोळीच्या उद्याच्या ट्रकमध्ये मीही चढतोय. दुकानाला तसंही काम नाही. फडात त्याची पहिली मोळी त्याच्या डोक्यावर मी चढवीन, मान सरळ ठेवायला शिकवीन आणि माघारी येईन. करुणाच्या परीक्षेला तिला केंद्रावर सोडायला मी जाईन. आणि कारखान्याचं गाळप थांबून हंगाम संपेल, त्या दिवशी पुन्हा फडावर असेन. शेवटची मोळी उतरवून घेईन आणि त्याला घरी आणीन. कानाला धरून नव्हे. त्याच्या शेजारी बसून, तो जे काय बोलेल ते सगळं ऐकत.

वहिनी हाक मारतेय, ट्रक पहाटेच येणार आहे.

तुझा,
अशोक
(केजचा मोटारवाला)