आपट्याचा तो फोटो

खांदा कॉलनी,
रविवार, दुपार

प्रिय मिथुन,

हे पाकीट तुला कुमारच्या हातून मिळेल. मंगळवारी तो कांडल्याला तुझ्याच जहाजावर चढायला निघतोय. त्याच्या आईने बॅगेत सुकट आणि चटणी कोंबली आहे आणि त्यांच्या मधोमध हे पाकीट बसलंय, तेव्हा वास लागला तर मला बोलू नकोस. हातात फोन असताना ताईला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. व्हॉट्सअ‍ॅपवर मी तीनदा लिहायला घेतलं होतं. तिन्ही वेळा चार ओळी झाल्यावर सगळं पुसलं आणि ‘कसा आहेस, जेवलास का’ एवढंच पाठवलं. तू बिचारा तिन्ही वेळा ‘हो’ म्हणालास. विषय तोच आहे, आईचा आणि तुझा, आपटा गावच्या नदीकाठचा फोटो. वर्षभरात तू तो पाच वेळा मागितलास आणि पाचही वेळा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पुढच्या महिन्यात तू वर्षश्राद्धाला उतरशील आणि आल्या आल्या दुकानातल्या कॉम्प्युटरपुढे बसशील. त्याआधी सगळं सांगायचं ठरवून बसलेय. पण मी सरळ मुद्द्यावर येणाऱ्यांतली नाही हे तुला ठाऊक आहे, थोडं सोसून घे.

बॅनरचं दुकान चालू आहे. काम नको इतकं आहे आणि मी थकलेय रे. उजव्या मनगटाला पट्टा बांधून बसते, संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. या महिन्यात अकरा वाढदिवस, चार हळदी, दोन कबड्डीचे सामने आणि नेहमीच्या श्रद्धांजल्या. वाढदिवसवाल्यांचे फोटो गोरे करायचे, श्रद्धांजलीवाल्यांचे जसे होते तसे ठेवायचे, आणि खाली शंभर नावांची यादी. एक नाव राहिलं तर ते माणूस आयुष्यभर माझ्याशी बोलत नाही. विनायक नवऱ्याच्या हक्काने म्हणतो, बंद कर आता, घरी बस. पण घरी बसून करू काय, तेही तो सांगत नाही.

तू बसवून दिलेलं ते सॉफ्टवेअर अजून तेच आहे. चांगलं आहे म्हणालास, मानलं. पण त्याच्याइतके प्रश्न विचारणारं माणूस मी सासरीही पाहिलं नाही. सेव्ह म्हटलं की ते स्वतःच्याच कुठल्या तरी प्रकारात सेव्ह करतं, जो प्रिंटिंगवाल्याकडे उघडत नाही. जेपीजी हवी तर म्हणतं, इथे नाही, एक्स्पोर्टमध्ये जा. तिथे गेलं की नाव विचारतं. नाव दिलं की म्हणतं, या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का. ठेव म्हटलं की क्वालिटी किती ते विचारतं. सगळी उत्तरं देऊन फाईल पेनड्राइव्हवर गेली, आता बंद करून चहा घ्यावा, तर पुन्हा खिडकी हजर, तुमचे गेल्या सात मिनिटांतले बदल सेव्ह केलेले नाहीत, टाकून देऊ का. मग मघापासून आपण काय करत होतो, असं त्याला विचारायची सोय नाही. शिवाय आधीचं काम ज्या फोल्डरमध्ये ठेवलं, पुढचंही ते तिथेच न्यायला बघतं. मागे मितेशशेठच्या वाढदिवसाचा बॅनर असाच त्यांच्या विरोधकाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसला, आणि त्या विरोधकाच्या माणसाने न बघता तोच छापून घेतला. सकाळचे दोन तास मितेशशेठ भलत्याच नाक्यावर हात जोडून हसत उभे होते. तेव्हापासून दोन्हीकडची माणसं माझ्याकडे येतात आणि दोन्हीकडची माझ्यावर संशय घेतात. असं शंभर वेळा विचारल्यावर कोण वाचत बसतं? खिडकी दिसायच्या आत हात हो म्हणून मोकळा होतो.

तू घालून दिलेला नियम मात्र मी पाळत आले. फोटो आला की आधी त्याची एक प्रत ‘मूळ’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि मगच दुसरीला हात लावायचा. आपल्या गावांत याची किती गरज असते ते तुला सांगायला नको. गेलेल्या माणसाचा एकट्याचा फोटो कोणाकडे नसतोच. बायकांचा तर नाहीच नाही. कुणाच्या तरी हळदीतला असतो, मांडीवर नातवंड, खांद्यावर सुनेचा हात, मागे आचारी. त्यातून ते एक माणूस वेगळं काढायचं. आणि जिवंत माणसाचं बोटसुद्धा श्रद्धांजलीच्या बॅनरवर राहता कामा नये, अपशकुन समजतात. म्हणून खांद्यावरचा हात पुसायचा आणि तिथे दुसऱ्या खांद्यावरून लुगड्याचा तुकडा आणून जोडायचा. या कामात माझा हात धरणारी पनवेलात दुसरी नाही, असं लोक म्हणतात. मलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

आपट्याचा फोटो तुला आठवतोच. पहिलं जहाज करून तू आला होतास आणि आईला पाताळगंगेच्या काठी न्यायचा हट्ट धरलास. ती खडकावर बसली, तू शेजारी, तुझा हात तिच्या खांद्यावर. तू जहाजावरच्या खानसाम्याची नक्कल केलीस आणि आई तोंडावर पदर न घेता हसली. पुढचा पडलेला दातही दिसला. जन्मात तिने असा फोटो काढू दिला नव्हता. दुकानाच्या कॅमेऱ्यात तो आला, मी कॉम्प्युटरवर घेतला, तुला दाखवला, आणि तू मागितलास तेव्हा म्हटलं, थांब, जरा उजेड वाढवून पाठवते. ते पाठवायचं राहून गेलं. कार्ड पुढच्या लग्नासाठी पुसलं. म्हणजे तो फोटो जगात एकाच ठिकाणी होता, माझ्याकडे.

मग गेल्या वर्षी आईचं हृदय दमायला लागलं. डॉक्टरांनी जानेवारीत मला बाजूला घेऊन सांगितलं की फार दिवस नाहीत. मी तुला कळवते म्हटल्यावर आईने माझा हात धरला. ‘पोरगा पान्यान हाय. नको सांगू त्याला, तिकडं एकलाच रडत बसंल.’ मी ऐकलं. तुझा फोन आला की म्हणायची, थोडा अशक्तपणा आहे, बाकी काही नाही. आणि तू त्या ‘बाकी काही नाही’वर विसंबून फेब्रुवारीत आणखी दोन महिने जहाजावर राहायचं कबूल केलंस. तू उत्साहाने सांगत होतास आणि मी फोन कानाला लावून ‘बरं, बरं’ म्हणत होते. मार्चमध्ये आई गेली. तेव्हा तुझं जहाज भर समुद्रात होतं आणि पुढचं बंदर चौदा दिवसांवर. अग्नी हितेशने दिला. चुलतभावाने द्यायचा तसा नीट दिला, त्याला दोष नाही. आई नाही तर घरी येऊन काय करू म्हणत तू पुढचं जहाज धरलंस, तो अजून आला नाहीस.

दहाव्याच्या बॅनरसाठी आईचा दुसरा फोटो मिळेना. आधार कार्डावरचा तर तिचा वाटतच नव्हता. म्हणून आपट्याचा काढला. त्यानंतर काय झालं ते मी घरात सगळ्यांना असं सांगितलं, की मन ठिकाणावर नव्हतं, मूळची प्रत ठेवायची विसरले, विनायक बाहेर गाडीवर खोळंबला होता, प्रिंटिंगवाला बंद करणार होता, आणि त्या मेल्या खिडक्यांना हो हो म्हणता म्हणता मूळ फोटोवरच नवा बसला. सगळ्यांना पटलं. बॅनर छान झाला असंही म्हणाले. आई एकटीच, मागे फिकट निळं आकाश. तुला आधी म्हटलं शोधते, मग म्हटलं नेटवर्क नाही, आणि दिवाळीत म्हटलं की फाईल खराब झाली. तर तू म्हणालास, ताई, कॉम्प्युटरला हात लावू नकोस, आमचा इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणतो पुसलेलंही परत मिळतं, मी येऊन काढतो.

तुझ्या आधीच मी ते करून पाहिलं होतं. दहाव्याच्या दुसऱ्याच दिवशी डिस्क काढून पनवेलला एका माणसाकडे नेली. चार दिवस त्याने खटपट केली. किती तरी हजार फोटो वर आले. ज्यांची लग्नं मोडली त्यांची हळद आली, मितेशशेठ निरनिराळ्या कोटांत आले, अख्ख्या तालुक्याचे वाढदिवस परत आले. मी दुकान बंद ठेवून एकेक उघडून पाहिला. आपट्याचा नाही. नदीचा एक तुकडा वरच्या कोपऱ्यात दिसला अशी फाईल होती, खाली सगळं करडं. तीही मी ठेवली आहे.

आणि गेल्या आठवड्यात कळंबोलीचे तुळशीराम आले. त्यांच्या बायकोचा बॅनर मी श्रावणात केला होता. मांडीवर नात होती, तिचा हात आजीच्या गालावर. तो मी पुसला होता. म्हातारा टोपी हातात धरून उभा. ‘मूळचा फोटो हाय का नाय तुज्याकडं? आमाला त्यो हाताचा पायजे.’ मी फोल्डर उघडलं, फोटो तिथेच होता, अर्ध्या मिनिटात सापडला. त्यांनी स्क्रीनवर नातीच्या हातावर बोट ठेवलं आणि किती तरी वेळ काढलंच नाही. मला म्हणाले, तुझं भलं होवो, तू सांभाळून ठेवलंस. ते गेल्यावर मी शटर अर्धं खाली ओढलं आणि आत बसून रडले. दुसऱ्यांचं सगळं माझ्याकडे सांभाळलेलं आहे.

आता राहिलेलं लिहिते. घरात सांगितलं तसं ते झालं नव्हतं. विनायक गाडी बंद करून शांत उभा होता, प्रिंटिंगवाल्याने आईसाठी मुद्दाम दुकान उघडं ठेवलं होतं, कसलीही घाई नव्हती. आणि मूळची प्रत ठेवायची मी विसरलेही नव्हते, ती ‘मूळ’ फोल्डरमध्ये होती. आईच्या खांद्यावरची तुझी चार बोटं पुसायला मला अर्धा तास लागला होता, आणि त्या अर्ध्या तासात तुझा राग येत गेला. आठ-नऊ दिवस येणारा प्रत्येक माणूस मलाच विचारत होता, मिथुन कुठाय. हातातली प्रत तर बदलून झालीच होती, मी नाव टाकायच्या जागी मुद्दाम ‘मूळ’मधल्या प्रतीचंच नाव टाकलं. खिडकी आली. ती रोज न वाचता मिटवणारी मी, त्या दिवशी शब्द न शब्द वाचला. या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवायची का. मनात म्हटलं, शेवटी जो तिच्याजवळ नव्हता तो फोटोत तरी कशाला हवा. आणि हो म्हटलं. तुला काहीच न कळवणारी मीच होते, हे त्या क्षणी मला आठवलं नाही. मिनिटभराने आठवलं, तेव्हा मी ओरडले आणि विनायक धावत आत आला. त्यालाही खरं सांगितलं नाही. तू येऊन डिस्क उघडून बसशील, रात्रंदिवस शोधशील आणि वर मलाच धीर देत राहशील, ते मला बघवणार नाही, म्हणून हे पत्र. शोधू नकोस. तो फोटो हरवला नाही मिथुन, मी तुला आईपासून पुसलं. फोनवर ‘असू दे ताई’ म्हणू नकोस. उतरलास की आधी दुकानात ये, आणि जे बोलायचं ते माझ्या तोंडावर बोल. मी कुठे जाणार नाही.

तुझीच,
ताई