रोमचं पुस्तक, उजवीकडून

१२ नोव्हेंबर, मंगळवार
लोह्याचे अण्णाराव आज आमच्या जिल्दीच्या दुकानात पोत्यातून पुस्तक घेऊन आले! पाटाएवढं थोरलं. परदेशी, दोनेकशे वर्षं जुनं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रं — रोममधल्या पडक्या कमानी, तुटके खांब. आणि खाली शेळ्या, गप्पा हाणत बसलेली माणसं. थेट आपला कंधारचा किल्ला! जिल्द उंदरांनी खाल्लेली, पानं सुटी झालेली. लातूरला कॉलेजात प्रदर्शन हाय म्हणे, पुढल्या मंगळवारपर्यंत बांधून पाहिजे.

अब्बांचे हात थरथरतात. ते नको म्हणणार, तेवढ्यात मीच हाव म्हणून टाकलं.

१३ नोव्हेंबर
अब्बा सकाळी बोलले. हे एक काम कर जेबा, म्हणे, मग दुकान जीशानला द्यायचं, मोबाइल दुरुस्तीला. जीशान, माझा भाऊ — त्याला सुईत दोरा ओवता येत न्हाई! दुकान मला पाहिजे. तिथंच सांगायचं होतं, पण सुटी पानं मोजत बसले. असू दे. जिल्दच अशी बांधते की अब्बांचं तोंड बंद!

१५ नोव्हेंबर
खळ शिजवली, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलं. पानं लावून राहिले. एका चित्रात खांबामागं एक जण चक्क लघवीला बसलाय! हसून हसून पुरेवाट.

१८ नोव्हेंबर
झाली! लाल चामडं, सोनेरी रेघ. काय दिसतंय!

१९ नोव्हेंबर, दुपार
मेले मी. अण्णारावांनी पुस्तक मांडीवर घेऊन उघडलं — तर शेवटचं पान! पहिलं पान मागल्या बाजूला. वर्षभर नुसते कुराणशरीफ आणि मदरशाची पुस्तकं बांधली. सवयीनं उजवीकडनंच शिवत गेले. रोमचं उर्दू पुस्तक करून ठेवलं! अब्बा नमाजाला गेलेत. अण्णाराव बाहेर बाकड्यावर बसून हायेत, मी मागल्या खोलीत रडून राहिले. गेलं दुकान.

१९ नोव्हेंबर, सांजचं
अब्बा आले. शिवण नखानं ओढून बघितली, एक टाका हलला न्हाई; दोन्हीकडनं पुस्तक उघडून बघितलं. अण्णाराव तणतणत होते. अब्बा त्यांना म्हणाले, "मला नका सांगू. दुकान आता जेबाचं हाय. तक्रार तिच्याकडं करा."