मागचं डावं चाक

ता. २८ एप्रिल १९३१, मंगळवार. खामगाव.

आणि निजामभाईचं सारं म्हणणं खरं धरलं, तरी मी आज पुन्हा म्हणतो, लाकूड ते लाकूड. विलायतेत झाडं उगवतात, मंग आपल्या इथं काय दगड उगवतात? पण त्याले समजून घ्यायचंच नाही. चार दिवस झाले, एकच पालुपद. "अबे तुळश्या, कंपनी का पहिया कंपनी का."

शेठच्या मोटरीच्या मागच्या डाव्या चाकाचे आरे उन्हानं सुकून ढिले झाले. चालताना चाक जुन्या बाजेवानी कुरकुरते. कंपनीचं होतं म्हणूनच ढिलं झालं, एवढं साधं त्याले दिसत नाही.

निजामभाई ड्रायव्हर आहे अन् मी क्लिनर. म्हणजे कागदावर. खरं पाह्यलं तर इंजिन सुरू करायले हँडल मी मारतो, पाणी मी टाकतो, भोंगाही बहुतेक मीच दाबतो. त्याच्याकडे उरलं काय, तर स्टेरिंग.

शेठनं आज मले बोलावलं. फकीर मोहम्मद शेठ कापसाचे मोठे व्यापारी, पण बोलणं कमी. म्हणे, मुंबईहून कंपनीचं चाक यायले तीन आठवडे लागतात, इथं कोणी करून देत असन तर तपास कर. मले म्हणे. निजामभाईले नाही. म्हणून तारीख घालून लिहून ठेवतो.

ता. २९

चाकाचा प्रश्न हा माह्या संसाराचा प्रश्न आहे. निजामभाईले सांगितलं नाही. सांगितलं असतं तर शेठच्या साऱ्या जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, झालं असतं.

माघात लग्न झालं. शालू अजून वडनेर भोलजीले बापाच्याच घरी आहे, आता नांदायले यायची. लग्नाच्या पंगतीत मी सासऱ्याले, म्हणजे उकंडरावले, म्हटलं होतं की मी ड्रायव्हर आहे अन् तुमची पोरगी मोटरीतून नेईन. हे खोटं नव्हतं. जरा लवकर बोललो, एवढंच. शेठही एकदा म्हणाले होते, नांदुऱ्याले गेलो तर पुढं वडनेरहून तुह्या बायकोले घेऊन येऊ.

आज वडनेरचा एक मिरचीवाला बाजारात भेटला. उकंडरावचा निरोप: "जवाईबापूले म्हणा, साऱ्या गावाले सांगून बसलो. अमावास्येच्या आत मोटर घेऊन या. नाही आले तर मंग पेरणी लागते, पोरगी दिवाळीपर्यंत इथंच."

अमावास्या मेच्या १७ ले आहे. कंपनीचं चाक १९ च्या आत येत नाही. म्हणून कंपनीचं चाक खराब. आता यात मले काही शंका राह्यली नाही.

ता. १ मे, शुक्रवार

कडूबा सुताराकडे गेलो. साऱ्या तालुक्याच्या बैलगाड्या याच्या चाकावर चालतात. म्हातारा आहे, कानानं कमी ऐकते, पण हात पक्का.

सारं ऐकून म्हणे, "नवीन काऊन करता? दोन-चार दिस पाण्यात बुडवून ठेवा. आरे फुगतात, चाक घट्ट होते. गाडीचं तसंच करत असतो आपण."

मले वाईट वाटलं. सव्वा दोन हजाराची मोटर, तिचं चाक म्हशीवानी डबक्यात बसवायचं? मी म्हटलं, बुवा, मोटर म्हणजे बैलगाडी नव्हे. तो म्हणे, "बरं बा, नव्हे तर नव्हे. बाभळीचं करून देतो. तुह्या नातवाच्या हातून मोडणार नाही."

माप मागितलं. मी पक्कं माप नेलं होतं. सुतळी घेऊन चाकाच्या कडेकडेनं, रबरावरून, बरोबर वेढा घालून गाठ मारली होती. कडूबा म्हणे, असंच माप पाहिजे. जाणता माणूस आहे.

मधला तुंबा तेवढा मोटरीचाच पाहिजे होता. तो हबीब लोहाराकडे भंगारात निघाला.

ता. ५

निजामभाईनं दिवसभर जीव खाल्ला. "क्या रे तुळश्या, पहिये के साथ बैल भी बना रहा है क्या तेरा कडूबा?" मी बोललो नाही. मोठ्या कामाले लागलेल्या माणसानं बोलू नये.

ठराव: (१) पहाटे उठायचं. (२) बिडी बंद. (३) या कामातून मोकळा झालो की आपला कारखाना. नाव ठरवलं, तुळशीराम व्हील वर्क्स, खामगाव. शाखा सोनाळा, तिथं माही माय राहते, म्हणजे तिच्या डोळ्यासमोर राहीन. कडूबा हेड मिस्त्री. निजामभाईले नोकरी द्यायची का, याचा विचार नंतर.

ता. ६

उशिरा उठलो. बिडी एकच ओढली, तीही निजामभाईची. ती मोजत नाही.

ता. ८, संध्याकाळ

चाक झालं. असं चाक मी जन्मात पाह्यलं नाही. बाभळीचा लाल गाभा, बारा आरे, एकसारखे. हबीबनं लोखंडी धाव भट्टीत लाल करून चाकावर बसवली अन् वरून पाणी टाकलं. वाफ अशी उठली की शेजारच्या बाया पाहायले आल्या. धाव आवळली तसे सारे सांधे कट्ट बोलले. कडूबानं चाक वाजवून पाह्यलं, भांड्यावानी वाजलं.

मी टायर चढवायले घेतला. चढला नाही.

हबीब म्हणे, "टायर कुठं चढवतो भाऊ? टायरएवढंच तर चाक आहे." कडूबाले विचारलं. तो म्हणे, "धाव असल्यावर रबर काय कराचं? बैलाच्या पायाले कोणी जोडे घालते का?"

रात्री जेवण गेलं नाही. उन्हामुळे.

ता. ९

शांत डोक्यानं विचार केला. रबरावरून माप घेतलं ते मी मुद्दामच घेतलं असणार. मनात खोल कुठंतरी हिशेब होता, तो आज समजला. उंची तीन चाकांएवढीच आहे, एक बोटही फरक नाही. अन् लोखंड पंचर होत नाही. निजामभाईचा अर्धा जन्म पंचर काढण्यात गेला, हे कंपनीवाल्याले सुचलं नाही.

आवाज थोडा येईन. पण मोटर येते हे लोकाले समजलंच पाहिजे.

ता. ११, सोमवार

चाक लावलं. निजामभाईनं पाह्यलं अन् खालीच बसला. मंग म्हणे, "तीन रबर के, एक लोहे का. तुळश्या, ये मोटर नहीं रे, ये लंगडी घोडी है." अन् जाऊन निजला. संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. लोक म्हणतात मलेरिया. मले वाटते जळफळाट.

शेठ कालच कोर्टाच्या कामानं नागपूरले गेले, पुढल्या आठवड्यात येतात. चाक त्याईनं पाह्यलं नाही. त्याईच्या नशिबात नव्हतं.

निजामभाईनं तापातही एक वेडेपणा केलाच. जुनं कंपनीचं चाक जिनाच्या पाण्याच्या टाक्यात नेऊन टाकलं. टाकू दे.

ता. १३, बुधवार

पक्कं ठरलं. उद्या वडनेर, मिरचीवाल्याबरोबर निरोपही धाडला. शेठची परवानगी लग्नाच्या वेळची आहे, ती काही रद्द झाली नाही. लायसन नाही, पण लायसन म्हणजे कागद. मोटर कागदावर चालत नाही, पेट्रोलवर चालते.

जिनाच्या आवारात मी निजामभाईच्या नजरेखाली सात वेळा मोटर चालवली आहे. त्यात भिंत एकदाच लागली.

कडूबा संगं येतो म्हणे. मोटरीत कधी बसला नाही. मी त्याले इंजिनियर म्हणून घेतला. फेटा घेतला, शालूसाठी पेढे घेतले.

ता. १४, गुरुवार, सकाळी ६

निघून राह्यलो. हँडल दुसऱ्या झटक्यात. शुभ आहे.

त्याच दिवशी, दुपार

नांदुऱ्यापर्यंत बेस आलो. आवाज असा की रस्त्यावरचे बैल गाड्या घेऊन वावरात उतरत होते. एक गाडीवान ओरडला, "अरे, लोखंड विकाले चालले का?" कडूबा बाहेर डोकं काढून म्हणे, "चाक पाह्य रे, चाक."

वळणावर मी जरा जोरात होतो तर कडूबा "हो, हो, हो रे राज्या" म्हणून मोटरीले थोपवत होता. मी म्हटलं, बुवा, ही ऐकत नाही. तो म्हणे, "तुही ऐकत नसन. माह्यं चाक ऐकते."

वडनेर कोसभर राह्यलं अन् गाडरस्ता लागला. वर्षानुवर्षं बैलगाड्या जाऊन दोन चाकोऱ्या पडल्या आहेत, गुडघाभर. आपलं डावं चाक त्यात जे बसलं ते बसलं. मी स्टेरिंग उजवीकडे वळवतो, मोटर चाकोरीतून सरळ. पूल उजवीकडे राह्यला. गाड्या जिथून जातात तिथून आम्ही नाल्यात उतरलो. कडूबा खुश. म्हणे, "पाह्य, चाकाले वाट मालूम आहे."

नाला कोरडा आहे. रेती आहे. लोखंडी चाक रेतीत गरगर फिरते, रबराचं चाक जागचं हालत नाही, अन् मोटर तिथंच. जेवढं पेट्रोल देतो तेवढं खाली जाते. आता अर्धं चाक रेतीत आहे.

कडूबा म्हणे, चाक फिरून राह्यलं ना, मंग चाकाचा काय दोष.

तो गावात निरोप घेऊन गेला. मी मोटरीपाशी बसून हे लिहून राह्यलो. पेढे वितळले.

ता. १५, वडनेर भोलजी

काल पुढचं लिहायले जमलं नाही.

उकंडराव स्वतः आले. दोन बैलजोड्या, अन् मागं गाव. वेशीवर सकाळपासून थांबले होते म्हणे सारे, डफडंही आणलं होतं. ते वाजवतच नाल्यावर आले. सासरे मोटरीभोवती एक फेरी मारून चाकापाशी उभे राह्यले. म्हणे, "जवाईबापू, हे एक चाक तुमच्या घरचं दिसते."

मी म्हटलं, नवीन पद्धत आहे.

म्हणे, "असन. आमच्या इथं लय दिसापासून आहे."

बैल जुंपले. मी स्टेरिंगवर बसून राह्यलो, मोटर माह्याच ताब्यात होती. भोंगा वाजवला तर पुढची जोडी उधळली, म्हणून उकंडरावनं हात जोडून सांगितलं की भोंगा तेवढा राहू द्या. तसे आम्ही वडनेरात शिरलो. सासूबाईनं, रुखमाबाईनं, ताट तयार ठेवलं होतं. आधी चारही बैलाले ओवाळलं. मंग मले. मंग पाणी ओतलं मोटरीच्या चाकावर, तेही लोखंडी चाकावरच.

जेवण झाल्यावर सासरे म्हणे, "मोटर निघाली तर पोरगी पाठवतो. बैल लावून पाठवत नाही. माह्या पोरीची मिरवणूक मी नांगराच्या बैलामागं काढणार नाही."

मले हे पटलं. पण मोटर निघत नाही. चाकोरीत तिचं काहीतरी वाकलं आहे, काय ते मले समजलं. नाव आठवत नाही.

शालू पाणी द्यायले आली. लग्नानंतर पह्यल्यांदा बोलली. मी वाट पाहून राह्यलो होतो काय बोलते. हळूच म्हणे, "चाक चांगलं आहे. गाडीले लावा."

तिले चाक आवडलं. हे मुख्य.

ता. १७, रविवार, अमावास्या

मिरचीवाल्याकडून सारं ऐकून निजामभाई रेलगाडीनं नांदुऱ्याले उतरून आला. ताप उतरला होता, तोंड नव्हतं उतरलं. संगं कंपनीचं जुनं चाक. पाच दिवस टाक्यात राहून आरे असे फुगले की एकही हालत नाही. तासाभरात चाक बदललं, वाकलेलं हाणून सरळ केलं, मोटर चालू. माह्याशी एक शब्द बोलला नाही. सासऱ्याशी मात्र लय बोलला. मी क्लिनर आहे, हे बोलला.

सासरे ऐकून घेऊन एवढंच म्हणे, "तरीच भोंगा चांगला वाजवते."

आज अमावास्या. अमावास्येले पोरगी घराबाहेर काढत नाहीत. मुदत संपली. मोटर रिकामी परत आली. मी मागं बसलो होतो. शालू ओट्यावर उभी होती, आत गेली नाही. धूळ खाली बसेपर्यंत उभी होती. दिवाळीले पाच महिने आहेत. मोजून पाह्यले, त्यात अधिक महिना आहे, म्हणजे सहा.

कडूबा परतला नाही. उकंडरावनं ते चाक ठेवून घेतलं अन् त्याची जोडी करायले सांगितली. गावात अजून तीन जणाईनं गाडीची चाकं सांगितली. म्हणजे व्हील वर्क्सले पहिली ऑर्डर मिळाली, असं म्हणायले हरकत नाही. कडूबा तसं म्हणत नाही.

ता. १९, मंगळवार

शेठ आले. सारं त्याईले आधीच मालूम होतं. रागावले नाहीत. लय वेळ हासले, मंग डोळे पुसून म्हणाले, उद्यापासून तू कापसाच्या काट्यावर, मोटरीले हात लावायचा नाही, भोंग्यालेही नाही.

काट्याचं काम जबाबदारीचं आहे. माणूस हुशार दिसल्याशिवाय देत नाहीत.

ता. २१, गुरुवार

मिरचीवाला आला. मी काट्यामागं लपणार होतो पण त्यानं पाह्यलं. उकंडरावचा निरोप त्यानं साऱ्या हमालासमोर सांगितला:

"शालू म्हणते, मुदत मोटरीची होती, माही नव्हती. अन् दोन दिसापासून जेवत नाही. तव्हा येत्या सोमवारी तिची माय तिले रेलगाडीनं घेऊन येते. ठेसनावर या. पायी या. मोटर आणू नका, एवढीच अट आहे. तिकिटाचे पैसे तेवढे पाठवा, तुमच्या हौसेनं माह्या बैलाचे चार दिस गेले."

हमालाईनं लय दात काढले. मी सारं शांतपणे ऐकलं, अन् कोणी पाहत नाही असं पाहून तोच निरोप मिरचीवाल्याले पुन्हा एकदा सांगायले लावला. निजामभाई तिथंच होता. त्यानं माही खोली झाडायले त्याच्या घरची केरसुणी आणून दिली.

पोस्टात जाऊन आलो. नांदुरा ते खामगाव एका माणसाचे सात आणे. शालूचे सात, सासूबाईचे सात, अन् सासूबाईचे परतीचे सात, ते विसरू नये म्हणून पह्यले मोजले. मनीऑर्डर केली: एक रुपया पाच आणे.