भुलाबाईचं राहिलेलं गाणं

कोजागिरी, रायपूर.

आज भुलाबाईचा शेवटचा दिवस; महिनाभर रोज तिच्या मूर्तीपुढं गाणी, मग खिरापत. आईनं शिकवलेलं गाणं मले अर्धंच येते, पुढचं तिच्यासंगच गेलं. नात मिनू दरवर्षी तिथंच अडते, "आगे क्या है, आजी?"

आज तिनंच मोबाइलवर शोधून काढलं. व्हिडिओत अकोल्याकडची कोणी बाई स्वयंपाकघरात बसून गाणं म्हणून राहिली होती, सारंच्या सारं. आवाज घोगरा, पण चाल आईचीच. पहिले मी घाबरलेच. "पैसे कटतात काय गं?" मिनू हसली, "सब फ्री है, आजी!" फुकट काहून देत असेल ती? एवढं बसून, एवढा जीव लावून?

गाणं संपल्यावर त्या बाईनं खिरापतीचा डबा खुळखुळवला, "ओळखा पाहू?" मी फोनलाच उत्तर दिलं, "साखरफुटाणे!" निघाले खारे दाणे. मिनू हसून लोळली. पण डब्याचा तो आवाज... आई अश्शीच हलवायची, आमच्या कानाशी आणून.

गाणं म्हणणारीला खिरापत दिल्याबिगर आपण कधी पाठवलं नाही. मग हिला? एक लाडू तिच्या नावानं भुलाबाईपुढं वेगळा काढला. देव तिचं भलं करो. "फोन थोड़े ही खाएगा, आजी!" न खाईना का.

आरती करून पाहते तर लाडू गायब. दाराआड मिनू तेच गाणं म्हणत होती, मराठीत, शेवटच्या ओळीपर्यंत. तोंड भरलेलं.

रागावणार होते. पण खिरापत गाणं म्हणणारीलाच तर पोचली.