परातीत राहिलेली पिन

मामंजी, तुमच्याशी बोलायला सुरुवात कशी करतात ते मला ठाऊक न्हाई, कारण ती मी कधी केलीच न्हाई. नऊ वर्षं आपण एका अंगणात राह्यलो, एका चुलीवरचं जेवलो, अन् त्या नऊ वर्षांत माझ्या तोंडचा एक शब्द सरळ तुमच्यापर्यंत गेला न्हाई. सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं न्हाई असा आपल्या घरचा कायदा होता. निजामाचे कायदे त्याच्यापुढं ढिले. तुम्ही दारातून आत आले की मी पदर ओढून भिंतीला चिकटायची. आज माझे केस तुमच्याहून पांढरे झालेत. लिहायला मी म्हातारपणी शिकले, नातीसोबत, अन् तिच्याच वहीच्या मागच्या पानांवर हे लिहून राह्यले. अक्षर पाहून हसू नका. तुम्ही हसायचे लई मोठ्यानं, अन् मंग आत्याबाई आतून ओरडायच्या, की गल्ली गोळा होईल.

लॉरी आपल्या अंगणात आली तो दिवस मला अजून दिसतो. जिनिंगवाल्यांनी मोडीत काढलेली, चाकं बसलेली, बोनटात चिमण्यांची घरटी. तुम्ही दोन बैलजोड्या लावून कदीम जालन्याच्या बोळातून ती ओढत आणल्ती, अन् तिच्यापायी अंगणाची अर्धी भिंत पाडावी लागल्ती. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. "आता ही सवत कुठं बांधता?" म्हणल्या. तुम्ही म्हणले, "लिंबाखाली." तीस वर्षं तुम्ही जिनिंगमधे कापसाची यंत्रं दुरुस्त केल्ती. त्या घडघडाटानं डावा कान पार गेल्ता, उजव्यानं जवळचं तेवढं ऐकू यायचं. काम सुटल्यावर तुम्ही घरात बसून आत्याबाईंना जीव नकोसा करून टाकला. डाळीत मीठ कामून कमी, कवाड कामून करकरतं. लॉरी आली अन् तुम्ही माणसात आले. सकाळी चहा घेतला की लिंबाखाली, ते दिवे लागेपर्यंत.

तुमच्या कामाची एक रीत होती. लॉरीचा जो भाग काढाल तो परातीत ठेवायचा, अन् ठेवायचाही ताट वाढल्यासारखा, जागच्या जागी. पहिला निघालेला परातीच्या डोक्याशी, मंग उजवीकडनं फिरत फिरत. मी तो राकेलात धुवायचा, फडक्यानं पुसायचा अन् त्याच जागी परत ठेवायचा. बसवताना तुम्ही उलट्या क्रमानं उचलत जायचे. परात रिकामी झाली की काम संपलं. परातीत एक वायसर जरी उरला तरी सगळं परत खोला. पहिले चार दिवस आत्याबाई मधे बसून तुमचं मला सांगायच्या. तुम्ही म्हणायचे, "मोठा नट दे म्हणा." त्या मला सांगायच्या, "मोठं काहीतरी दे गं." मी द्यायची हातोडी. शेवटी त्या वैतागल्या. "मला न्हाई जमत तुमच्या लोखंडाची दलाली," म्हणल्या अन् जपमाळ घेऊन ओसरीत जाऊन बसल्या. तेव्हा तुम्ही लिंबाकडं पाहत म्हणले, "हो असलं तर परात एकदा वाजवावी. न्हाई असलं तर दोनदा." माझा आवाज तुमच्या कानाला पोचला नसता, अन् पोचू द्यायचाही नव्हता. परातीवर पाना मारला की मात्र तुम्हाला बराबर ऐकू यायचं.

शिकवलं तुम्ही मला, पण बोलले लॉरीशी. "बघ बाई, हा तुझा कारबुरेटर. ह्यात कचरा बसला की तुला धाप लागती." असं लॉरीला सांगायचे, पण जरा जास्तच मोठ्यानं, अन् थांबून थांबून. लॉरी आपलं दुखणं सांगंना झाली की तुम्ही उर्दूत जायचे, "क्या हुआ तेरेकू? बोल तो सही!" मी भिंतीआड पदर तोंडात धरून हसायची. एकदा बेअरिंगच्या गोळ्या धुताना माझ्या हातून एक गोळी मोरीत गेली. तुम्ही मला काही म्हणले न्हाई. लॉरीच्या टपावर हात आपटून म्हणले, "डोळे उघडे ठेवून काम करायला काय पैसे पडतात का?" दोन दिवस मला घास गेला न्हाई. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी नवी विळी ठेवलेली. लॉरीच्या मोडक्या कमानीच्या पाट्याची, तुम्ही स्वतः घासून धार लावलेली. कुणी ठेवली, कुणासाठी, काही बोलणं न्हाई. ती अजून माझ्याजवळ आहे. सुनबाई म्हणती, आता चाकूनं चिरत जा. मी म्हणते, तू चीर चाकूनं.

माहेर माझं केदारखेड्याचं. वडील लहानपणीच गेलेले, भाऊ न्हाई, आई एकटी. अन् आपल्यात मुराळी आल्याशिवाय लेक माहेरी जात न्हाई. न्यायला भाऊ यावा, चुलता यावा, कुणीतरी आपलं माणूस यावं. माझ्याकडं येणारं कुणी नव्हतं. तुमचे लेक रेल्वेच्या कामावर, महिना महिना बाहेर. तीन वर्षं मी आईचं तोंड पाह्यलं नव्हतं. राजूरच्या बाजूनं बाजाराला येणाऱ्या बायांजवळ ती निरोप धाडायची. आधी म्हणायची, बरी हाय. मंग म्हणायला लागली, डोळ्याला कमी दिसून राह्यलं. अन् शेवटी एक बाई दारात उभी राहून सांगून गेली, "तुझी आई म्हणती, दिसतंय तोवर एकदा तोंड दाखवून जा." मी आत गेले अन् पिठाच्या डब्यात हात घालून नुसती उभी राह्यले. तुम्ही अंगणात होते. तुम्हाला ऐकू गेलं असंल असं मला वाटलं न्हाई. संध्याकाळी तुम्ही लॉरीच्या मडगार्डवर थाप मारली. "सुरू झालीस की पहिली फेरी केदारखेड्याला. पोरीला मुराळी न्हाई ना? मंग तूच तिचा मुराळी." आत्याबाई म्हणल्या, "लोखंड कधी मुराळी असतं का?" तुम्ही म्हणले, "बिलकुल असतं." मामंजी, इतकं माझ्यासाठी कुणी कधी म्हणलं नव्हतं. त्या दिवसापासून मी एकेक नट असा धुतला, की जसा माझ्या आईच्या दाराचाच कडीकोयंडा.

मंग ती भादव्यातली संध्याकाळ. परवापासून पितृपंधरवडा लागणार होता, अन् आत्याबाईंनी बजावल्तं, उद्या जायचं तर जा, न्हाई तर पित्राचे पंधरा दिवस सून उंबऱ्याबाहेर न्हाई. इंजिन आदल्या दिवशीच सुरू झाल्तं. लढाईच्या त्या दिवसांत पेट्रोल कुठं मिळायचं? तुम्ही कुणाकुणाच्या हातापाया पडून एक डबा आणल्ता. राह्यलं होतं फक्त स्टिअरिंगच्या दांड्याचं काम. त्या दांड्याचा नट घट्ट करायचा, भोकातून दोन पायांची एक पिन घालायची अन् तिचे पाय फाकवायचे, म्हणजे नट जागचा हालत न्हाई. बैलगाडीच्या चाकाला खीळ, तशी ही पिन. तुम्ही दिवसभर चिखलात उताणे पडून काम केलं. उन्हं कलली तसे बाहेर आले, पाठ धरून उभे राह्यले, अन् लिंबाकडं पाहत विचारलं, "झाली का परात रिकामी?" मी एकदा वाजवलं. "शाब्बास!" म्हणले तुम्ही. ते लॉरीला नव्हतं, लिंबाला नव्हतं. मान वळवून, माझ्याकडं पाहून म्हणले. नऊ वर्षांत तेवढा एक शब्द तुम्ही सरळ मला बोलले. मंग हँडल मारलं, लॉरी थरथरली, लिंबावरचे कावळे उडाले, अन् नदीपर्यंत फेरी मारून बघतो म्हणून तुम्ही निघाले. मी तवा ठेवला अन् उद्याच्या दशम्या टाकायला घेतल्या. आईला गुळाच्या दशम्या आवडायच्या.

कुंडलिका नदीच्या उताराला नट निघून पडला. स्टिअरिंग तुमच्या हातात नुसतं गरगर फिरलं अन् लॉरी खड्ड्यात गेली. चार माणसांनी तुम्हाला बाजेवर घालून आणलं. उजवं मनगट मोडलेलं, कपाळ फुटलेलं. हाड बसवणारा हात ओढत होता तेव्हाही तुम्ही ओरडले न्हाई. एवढंच म्हणत होते, "पिन राह्यली. माझ्या हातून पिन राह्यली." तुम्हाला वाटलं, ती तुम्ही परातीत ठेवलीच न्हाई, काढतानाच कुठं पाडली. ती परातीतच होती, काठाच्या आतल्या अंगाला, राकेलाच्या काळ्या गाळात चिकटलेली. परात घासताना मागून सापडली, असं मी आत्याबाईंना सांगितलं, तुमच्या लेकाला सांगितलं, अन् पुढं ज्यानं ज्यानं विचारलं त्याला सांगितलं. आत्याबाई म्हणल्या, "त्यांना दाखवू नको, जीवाला लावून घेतील." मी ती पदराच्या गाठीत बांधली.

मुराळी मात्र आला. पित्र संपले, दसरा झाला, अन् एका सकाळी तुम्ही मोडका हात गळ्यात बांधून दारात बैलांची दमणी उभी केली. "चला म्हणावं," आत्याबाईंना म्हणले. सासरा सुनेचा मुराळी झालेला कुणी पाह्यला नव्हता. गल्लीतल्या बाया खुदूखुदू हसल्या, अन् तुम्ही मान ताठ करून गाडीवानाशेजारी बसले. दिवसभर तुम्ही पुढं, मी मागं. आईचे डोळे गेल्ते. पित्राच्या पंधरवड्यातच गेले, शेजारीण म्हणली. तोवर जवळ आलेलं माणूस तिला दिसायचं. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, नाक चाचपलं, कान चाचपले. "वाळलीस गं," म्हणली. मी चांगली भरल्ते, पण आयांचं ते तसलंच. तुम्ही बाहेर ओट्यावर बसून होते, तांब्यातलं पाणीसुद्धा पिले न्हाई. परत येताना तुम्ही बैलांना म्हणले, "पिन राह्यली म्हणून पोरीला उशीर झाला. म्हातारा हात, त्याचा काय भरोसा." मी मागं बसून रडले. वाजवायला जवळ परातही नव्हती.

लॉरी मोडीत गेली. मनगट बसलं, वाकडं का होईना, पण तुम्ही परत पाना धरला न्हाई. लोक यायचे, कुणी पंप घेऊन, कुणी शिवणयंत्र घेऊन. "उस्ताद, ह्याला तुमचाच हात लागतो." तुम्ही हात मागं घ्यायचे. "न्हाई बाबा, मी पिना इसरतो." डोळे मिटून इंजिन जुळवणारा माणूस तुम्ही, अन् कवाड लावलं का ते बघायला तीन तीनदा उठायला लागले. दोन वर्षं तसे काढले. शेवटी बाजेला खिळले तेव्हा मी पाणी घेऊन आले, तर तुमची बोटं गोधडीवर फिरत होती, नट बसवल्यासारखी. मी तांब्या ठेवला अन् गेले. बोलायला तेव्हाही धजले न्हाई. मंग राज्य बदललं, तेही तुम्ही पाह्यलं न्हाई. मला तुमची लई आठवण येती, मामंजी. नातू एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात जातो. घरी आला की त्याच्या अंगाला लोखंडाचा अन् तेलाचा वास येतो, अन् मी काहीतरी निमित्त काढून त्याच्याजवळ उभी राहते. तुमचं ते लिंबाखालचं मोठ्यानं बोलणं एकदा ऐकायला मिळावं, लॉरीला म्हणून का होईना.

नात म्हणली, "आजी, पाकीट देऊ का? वर नाव घाल." नाव! सासऱ्याचं नाव मी आजवर तोंडानं घेतलं न्हाई, आता पेनानं कसं घेऊ? राहू दे हे वहीतच. अन् ज्यासाठी लिहायला बसले तेच अजून लिहिलं न्हाई. ती पिन मागून न्हाई सापडली. तुम्ही लिंबाकडं पाहून विचारलं, तेव्हाच ती माझ्या डोळ्यांसमोर होती. रीतिरिवाज आडवा आला न्हाई. दोनदा वाजवायला मला कुणाची ना नव्हती. पण दोनदा वाजवलं असतं तर तुम्ही सगळं परत खोललं असतं, अंधार पडला असता, उद्याचं जाणं गेलं असतं. मला आई पाहायची होती. एवढीशी तर पिन, नदीपर्यंत जाऊन यायला काय होतंय, सकाळी आठवण देऊ, असं मनाशी म्हणलं अन् एकदा वाजवलं. उचलायची तुम्ही इसरले असाल, पण त्यासाठीच तर परात होती, अन् परातीपाशी मी होते. तुमच्या हाताचा भरोसा गेला तो माझ्या हातानं.

ती परात अजून फडताळात आहे. आत्ता उठले, बाहेर काढली, अन् पळीनं दोनदा वाजवली. नात धावत आली. "काय वाजवून राह्यलीस गं आजी?"

म्हणलं, "न्हाई म्हणून राह्यले."