मागीलप्रमाणे

३ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. आ. मागीलप्रमाणे.

पत्रास कारण की, तुझ्या भावाला म्हातारपणी परीक्षेला बसावं लागणार आहे. एक जुलैपासून नोंदणी नसलेल्या माणसाने कुठल्याही इमारतीच्या आगीच्या तपासणीवर सही करायची नाही, असा नियम आला आहे. मंडळाकडे अर्ज करायचा, आधी केलेले तीन अहवाल नमुन्यादाखल जोडायचे आणि मग मुलाखत. पास झालो तर मी ‘नोंदणीकृत अग्निजोखीम मूल्यमापक’ होणार. हे नाव उच्चारून होईपर्यंत निम्मी इमारत जळून जाईल, असं मी मंडळाच्या कारकुनाला सांगितलं. तो हसला नाही.

एकतीस वर्षं बंबावर काढली, डावी भुवई तिथेच ठेवून आलो. त्यानंतर अकरा वर्षं लोकांच्या इमारतींतून फिरून आग कुठे लागेल आणि लागलीच तर माणसं बाहेर कशी पडतील, हे सांगतो आहे. आणि मला आग कळते की नाही हे ठरवणाऱ्या तिघांत एक कोण, तर आमचा गळका. माझ्या हाताखाली शिकायला आला होता आणि पहिल्याच दिवशी नळीचं तोंड साहेबांकडे धरून त्याने पाणी सोडलं होतं, तोच.

तर तुझ्याकडच्या फायलींतून बेकरी, वाचनालय आणि परिचारिकांचं वसतिगृह, या तिन्हींचे गेल्या वर्षीचे अहवाल स्वच्छ छापून पाठव. अर्जही टाइप कर, माझं अक्षर तुलाच लागतं. खरं सांगू, हे काम गेलं तर सकाळी उठून बूट कशासाठी घालायचे, हे मला माहीत नाही. तुझ्या वहिनीला माहीत आहे. ती म्हणते, मी दिवसभर घरात बसलो तर बाहेर पडायचा मार्ग ती स्वतः शोधेल आणि त्याला माझ्या सहीची गरज लागणार नाही.

लोभ मागीलप्रमाणे.
दादा

११ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आशीर्वादही पोचले, म्हणजे गेल्या खेपेचेच धुऊन पुन्हा पाठवले आहेस असं धरून चालते. तुला एकच बहीण आहे, तिला वर्षातून एखादा ताजा आशीर्वाद परवडायला हरकत नसावी.

तिन्ही अहवाल सोबत आहेत. वकिलांच्या कचेरीत चौतीस वर्षं टायपिस्ट होते मी, पण तुझ्यापेक्षा वाईट अक्षर एकदाच पाहिलं आणि त्या माणसाचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

अर्जातलं कलम नऊ तू कोरं सोडलं आहेस. ‘कोणत्या बाबतीत आपलं ज्ञान अपुरं आहे ते लिहा.’ चांगल्या तीन ओळी दिल्या आहेत. सुचत नसेल तर मदत करते. स्वयंपाक, माफी मागणं आणि स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते. वहिनीला विचारलंस तर पुरवणी जोडावी लागेल. तू सांगितल्याशिवाय मी काही भरलेलं नाही, पण कोरं पाठवू नकोस. ज्याला सगळं येतं त्याच्यावर कचेरीत आमचा कोणाचाच विश्वास नसे.

सही करण्याआधी एकदा वाच. तू वाचणार नाहीस, पण मी सांगितलं होतं हे पुढे कामाला येईल. माझा गुडघा कुरकुरतो आहे. गुडघ्यांची नोंदणी सुरू झाली तर हा नापास होणार.

लोभ आहे, तो वापरून वापरून झिजू नये एवढी काळजी घ्यावी.
तुझी ठमी

२ मार्च

चि. ठमीस,
आशीर्वाद सध्या राखून ठेवले आहेत.

अर्ज परत आला. बेकरीच्या अहवालात पान चारवर लिहिलं आहे की रात्रपाळीहून आलेल्या मुली दिवसा झोपलेल्या असतात, त्यांना जाग यावी म्हणून धोक्याची घंटा मोठ्या आवाजाची बसवली आहे. मंडळाने समासात अतिशय नम्रपणे विचारलं आहे की, बेकरीत या मुली नेमक्या कुठे झोपतात. ठमे, त्या बेकरीत पाच पुरुष आहेत आणि एक मांजर. मांजर दिवसा झोपतं, पण त्याला घंटेने उठवावं असं आजवर कोणाला वाटलेलं नाही.

पाकीट तुझ्या वहिनीने उघडलं. तेव्हापासून मी घरात शिरलो की ती मुलींची खुशाली विचारते. परवा दुधवाल्यासमोर विचारली.

वाक्य वसतिगृहाचं आहे आणि ते बेकरीत गेलं कसं याचं उत्तर तूच देऊ शकतेस, कारण मी काही टाइप करत नाही. मी कलम नऊमध्ये आडवी रेघ मारली होती, तीही त्यांना पसंत नाही. तीस एप्रिलच्या आत खुलासा आणि दुरुस्त अहवाल द्यायचा आहे. दुसऱ्यांदा परत आला तर यंदा नोंदणी नाही. एका टायपिस्टच्या डुलकीपायी माझी बेचाळीस वर्षं पाण्यात जाणार असतील तर तसं सांग.

लोभ मागीलप्रमाणे, फक्त या खेपेला त्यात राग मिसळला आहे.
दादा

९ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वाक्य चुकीच्या घरात घातलं ही चूक माझी. दोन्ही कान धरले आहेत, हे पत्र लिहिताना एक सोडावा लागला. आता तुझे कान.

तुझ्या हातचा एकही कागद मी टाकलेला नाही. काल सगळे गठ्ठे जमिनीवर पसरले आणि गुडघ्याची समजूत काढत त्यांच्यात बसले. बेकरीच्या कागदावर घंटेपुढे तू लिहिलं आहेस ‘मागीलप्रमाणे’. त्याच्या आदल्या वर्षी ‘मागीलप्रमाणे’. मागे मागे जात पहिल्या वर्षाच्या कागदाशी पोचले, तर तिथेही ‘मागीलप्रमाणे’. दादा, पहिल्या वर्षाच्या मागे काय असतं? मला वाटलं, घंटा ती घंटा, आणि वसतिगृहाची फाईल समोर उघडी होती, तिच्यातली उचलली. तुला विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मी विचारलं की तू म्हणतोस, तुला काय कळतंय त्यातलं.

मग वसतिगृहाचे कागद काढले. मागच्या जिन्याच्या दाराबद्दल पहिल्या वर्षी तुझं पूर्ण वाक्य आहे. ‘दार एका हाताने ढकलून उघडलं, थेट गल्लीत बाहेर पडता येतं.’ वाचताना बरं वाटलं, तू स्वतः ढकललेलं दिसतं. त्यानंतर सहा वर्षं ‘मागीलप्रमाणे’. मी सहाही वर्षं ते वाक्य इमानेइतबारे टाइप केलं आणि तू सहाही वर्षं त्याखाली सही केलीस.

थट्टा बाजूला ठेवून विचारते. तिथे अडतीस मुली झोपतात. ते दार तू शेवटचं कधी ढकललंस?

रागासकट लोभ पोचला. उत्तर लवकर यावं, लोभ मागाहून आला तरी चालेल.
तुझी ठमी

१६ मार्च

चि. ठमीस,
अ. आ.

तुझं पत्र वाचून चिडलो आणि वसतिगृहात गेलो. मला पाहून वॉर्डनबाईंनी नेहमीसारखा चहा मागवला. गेली सहा वर्षं मी तेच केलं आहे. पुढच्या दाराने आत, चहा, वहीत सही, पुढच्या दाराने बाहेर. या वेळी चहा ठेवून मागच्या जिन्याने खाली उतरलो.

दार उघडलं नाही. एका हाताने नाही, दोन हातांनी नाही, खांदा लावला तरी नाही. बाहेरून फिरून गल्लीत गेलो. तळमजल्यावरच्या वह्या-कागदांच्या दुकानदाराने चार वर्षांपूर्वी तिथे जाळी लावून कोठार केलं आहे. दाराला टेकून छतापर्यंत खोकी आणि सगळ्यांत कागद. जाळायलाच रचावा तसा.

वॉर्डनबाईंना विचारलं तर त्या गोंधळल्या. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीने दार उघडत नाही अशी लेखी तक्रार दिली होती. बाईंनी तिला माझा अहवाल काढून दाखवला. तज्ज्ञ माणूस दरवर्षी येऊन लिहितो की दार एका हाताने उघडतं, तर तुझाच हात कमजोर असेल, असं त्या म्हणाल्या. मुलगी गप्प बसली. ठमे, तिचं खरं होतं आणि माझ्या सहीने तिला खोटं पाडलं. मी त्या जिन्यावर बराच वेळ बसून राहिलो. मला स्वतःची लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

दुकानदाराशी भांडून त्याच दिवशी जाळी तोडून घेतली, खोकी हलवली. दार आता उघडतं.

आता पुढचं. मंडळाला बेकरीचीच चूक दिसली आहे, या दाराची गोष्ट कोणालाच माहीत नाही. दुरुस्तीच्या निमित्ताने वसतिगृहाचा अहवाल काढून त्याजागी शिवणकामाच्या कारखान्याचा जोडता येईल. तो अहवाल बरा आहे. खरं सांगितलं तर नोंदणी गेलीच म्हणून समज. दार तर उघडलं, मग आता सांगून कोणाचं भलं होणार? कारखान्याचा अहवाल आणि तसं साधं पत्र टाइप करून पाठव.

लोभ मागीलप्रमाणे.
दादा

२४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वकिलांकडे चौतीस वर्षं टाइप करणारी बाई सत्यावर प्रवचन देणार नाही. मी तिथे इतकं खोटं टाइप केलं आहे की माझी बोटं वेगळी जबाबदार धरली तर जन्मठेप होईल. शिवाय ते वाक्य सहा वेळा मीही टाइप केलं. जिन्यावर तुझ्या शेजारी एक पायरी माझी होती.

पण त्या मुलीकडे अजून बाईंचं उत्तर आहे आणि ते तुझ्या नावाचं आहे. दार उघडलं म्हणून ते आपोआप फाटत नाही.

दोन पाकिटं पाठवते आहे. एकात तू सांगितलेलं साधं पत्र आणि कारखान्याचा अहवाल. दुसऱ्यात तुझं सोळा तारखेचं पत्र, जसंच्या तसं, फक्त ‘ठमे’ आणि ‘आता पुढचं’पासूनचा मजकूर वगळून, मंडळाच्या नावाने. दोन्हींवर एकच पत्ता, खूण कसलीही केलेली नाही. कुठल्यात काय आहे हे उघडून वाचल्याशिवाय कळणार नाही. अकरा वर्षांत तू पहिल्यांदा माझं टायपिंग वाचून सही करणार, याचंच मला अप्रूप आहे. निवड तुझी. कुठलंही धाडलंस तरी मी तुझीच बहीण राहीन, तेवढं काही अर्जावर अवलंबून नाही.

कलम नऊच्या तीन ओळी दोन्हीकडे कोऱ्या आहेत.

वहिनीला आणि मुलींना नमस्कार.
लोभ होता, आहे, आणि तू कसाही वागलास तरी असणार, याची नोंद घ्यावी.
तुझी ठमी

२० मे

चि. ठमीस,
उदंड आयुष्याची हो, आणि तुझा गुडघा तुझ्याआधी थकू नये.

पाकिटं उघडली, चष्मा शोधला, दोन्ही वाचली. दुसरं धाडलं. पहिल्यात एकही चूक नव्हती, हेही सांगून ठेवतो.

मुलाखत झाली. तिघे बसले होते. गळका मध्ये, डोक्यावर एक केस नाही. त्याने माझं पत्र मोठ्याने वाचलं. मग त्याने कलम नऊ वाचलं. मी लिहिलं होतं, ‘जे दार मी स्वतः ढकललेलं नाही त्याबद्दल मला काहीही माहीत नाही. बेचाळीस वर्षांच्या अनुभवानेसुद्धा कळत नाही.’ गळक्याने विचारलं की आडव्या रेघेपासून इथवर यायला किती दिवस लागले. मी सांगितलं, बहिणीची दोन पत्रं.

यंदा नोंदणी मिळाली नाही. वर्षभर नोंदणीकृत माणसाच्या हाताखाली काम करून पुन्हा अर्ज करायचा. तो माणूस कोण, हे तू ओळखलंच असशील. आता बॅटरी मी धरतो, फीत मी धरतो आणि तो सही करतो. त्याआधी प्रत्येक ओळ वाचतो आणि हे तुम्ही स्वतः पाहिलं का, असं विचारतो. डोकं उठवतो, पण बरोबर करतो. नळी आता नीट धरायला शिकला आहे. मी वाईट मास्तर नसावा.

तुझ्या वहिनीने घर सोडलेलं नाही. मी सकाळी बूट घालतो.

पहिलं काम गळक्याने मुद्दाम वसतिगृहाचंच घेतलं. त्या मुलीला शोधून मी सांगितलं की तिचं बरोबर होतं, माझं चूक होतं, आणि तसं लिहूनही दिलं. ती रात्रपाळीहून आली होती, डोळे चोळत ऐकत होती. म्हणाली, ठीक आहे, पण आधी दार बघू. खाली येऊन तिने ते एका हाताने ढकललं, गल्लीत जाऊन आली, आणि मग मला म्हणाली की आता तुम्ही ढकला. मी ढकललं.

सोबत हाताने लिहिलेले चार कागद आहेत, टाइप कर. नेहमी एक असतो, तर दचकू नकोस. ‘मागीलप्रमाणे’ हा शब्द कुठेही सापडणार नाही. सापडला तर कागद परत पाठव.

तुझी माझ्यावर माया आहे. हे मी मागच्या कुठल्या कागदावरून उतरवलेलं नाही, दोन पाकिटं स्वतः उघडून खात्री करून लिहितो आहे. ती अशीच राहू दे. माझीही तुझ्यावर आहे.

तुझा
दादा