सुहासिनी कलेक्शन

वेस्ट विंडसर
८ सप्टेंबर २००६

चि. संध्यास,
अनेक आशीर्वाद. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.

सुहासिनी मावशीला जाऊन सहा महिने होताहेत, तोच तिच्या 'ताणा' संस्थेने तिच्या स्मरणाचा घाट घातलाय. स्मरण म्हणजे राउट वन हायवेवरच्या हॉटेलात जेवण. नवा अध्यक्ष राजेश याला ग्वातेमाला नकाशावर सापडणार नाही, पण आमच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये वीस मिनिटांत तो अकरा वेळा 'लेगसी' म्हणाला. मावशीच्या फोटोवरच्या सुरकुत्या त्याने कॉम्प्युटरवर पुसून घेतल्या. आता ती इन्शुरन्स विकणारी बाई दिसते.

लायब्ररीतली नोकरी सांभाळून वीस वर्षं मावशी दर जानेवारीत ग्वातेमालातल्या त्या डोंगरातल्या गावी गेली, माया विणकर बायकांच्या घरी राहिली, त्यांचं कापड इथे आणून 'ताणा'तर्फे विकलं. राजेश त्या बायकांना 'अवर लेडीज' म्हणतो. त्यांतल्या तोमासाला बोलावलंय. मावशीची सर्वांत जुनी मैत्रीण. तिने म्हणे लॉबीत कोट टांगायच्या रॅकजवळ बसून विणून दाखवायचं, मग स्टेजवर येऊन थँक यू म्हणायचं. स्पॅनिशचा दुभाषा भाड्याने आणणार आहेत. माझी नैना पिस्कॅटवेच्या शाळेत स्पॅनिश शिकवते, पण तिला कोण विचारतो?

मी या तमाशाला जाणार नाही.

तुझी,
सुनेत्राताई


चँडलर
१९ सप्टेंबर २००६

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. इकडे अजून एकशे चार डिग्री ऊन आहे. तुझा मेहुणा म्हणतो, तुझं पत्र ओव्हनचे ग्लव्ज घालूनच उघडावं.

राजेश मूर्ख आहे, कबूल. पण मावशी दर वर्षी तुला बरोबर चल म्हणायची आणि तू एकदाही गेली नाहीस. कधी बेसमेंटचं काम, कधी नैनाची परीक्षा. मीही गेले नाही, पण मी इथे बसून कुणाला नावं ठेवत नाही. तोमासा दोन विमानं बदलून येणार, आणि त्या रॅकजवळ तिला ओळखीचा एक चेहरा दिसणार नाही. तुझा तिरस्कार घरी ठेवता येत नसेल तर तोही घेऊन जा, पण जा. आणि तिला हॉटेलात झोपू देऊ नकोस.

रागावलीस तरी पत्र धाड.

तुझी,
संध्या


वेस्ट विंडसर
१६ ऑक्टोबर २००६

चि. संध्यास,
आशीर्वाद. रागावले होते, पण गेले. नैनाला घेऊन गेले.

प्रत्येकाच्या प्लेटवर रिबन बांधलेला एक स्कार्फ होता, 'सुहासिनी कलेक्शन'. तोमासाने तो उलटा करून पाहिला. मागची बाजू कोरी. तिच्या अंगातल्या हातमागाच्या पोलक्यावर जी नक्षी, तीच स्कार्फवर छापलेली. हे कुणी विणलं, असं तिने नैनाला विचारलं. कुणीच नाही, मशीनने छापलंय, असं नैनाला सांगावं लागलं. मग ती जेवलीच नाही.

स्टेजवर ती चारेक मिनिटं बोलली, आवाज न चढवता. तो दुभाषा गोड हसून म्हणाला, की तिचं मन भरून आलंय, ती सर्वांची आभारी आहे. टाळ्या सुरू झाल्या. तेवढ्यात नैना जागेवरच उभी राहिली आणि म्हणाली, की ती असं बोललेली नाही. तोमासा काय बोलली ते मग नैनाने सांगितलं. ही नक्षी माझ्या आईची. सुहासिनीला या नक्षीचा फोटो हवा होता. तिने आधी विचारलं, आई नको म्हणाली, तेव्हा तिने कॅमेरा पिशवीत ठेवला आणि नंतरही आमच्याकडे येत राहिली. तुम्ही विचारलं नाही, आणि वर सुहासिनीचं नाव लावलंत. आमचं कापड यापुढे तुमच्याकडे येणार नाही.

राजेशने माइक घेतला, 'व्हॉट अ पॉवरफुल व्हॉइस' म्हणाला, आणि डेझर्ट आणायला सांगितलं. त्या माणसाच्या कातडीचा स्कार्फ केला तर कधी फाटणार नाही.

कलेक्शन रद्द झालंय. दोन जुन्या ट्रस्टींनी भांडून ते करवलं. राजेशच्या ईमेलमध्ये कारण दिलंय 'सप्लाय इश्यूज'. अध्यक्ष अजून तोच आहे. मी कमिटीचा राजीनामा दिला. पण एक तुलाच सांगते. त्या दुभाष्याचं ऐकून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. सगळ्यांना नावं ठेवता ठेवता मी त्यांच्याच टेबलावर बसले होते.

तोमासा चार दिवस आमच्याकडे राहिली. आमच्याकडे आणून ठेवलेल्या मावशीच्या कपाटात तिला कमरेला बांधायचा एक माग मिळाला, अर्धवट विणलेल्या पट्टीसकट. मावशी विणायला शिकत होती, हे आपल्याला माहीतच नव्हतं. तोमासा खूप हसली. म्हणाली, सुहासिनीचा हात जड, दर वेळी धागा चुकायचा. मग तिने माग जिन्याच्या कठड्याला बांधला आणि आधी वीतभर उसवलं. मला वाटलं, मावशीच्या हातचं आहे, राहू द्यावं. नैनाने तसं सांगितलंही. तोमासा म्हणाली, चुकलेलं राहू दिलं तर सुहासिनी मला काय म्हणेल?

दोन दिवसांत तिने पट्टी पुरी केली. सुरेख झाली होती. मला वाटत होतं, जाताना ती आपल्याला देईल. तिने घडी घातली आणि आपल्या पिशवीत ठेवली. मी मागितली नाही.

तुझा लोभ आहेच, तो असाच टोचत राहू दे.

तुझी,
सुनेत्राताई